निवडुंग का वाळत नाही?

मंडळी, आज आपण झाडांविषयी बोलणार आहोत. आंबा, चिंच, कडुलिंब यांच्याविषयी नव्हे. ज्यांना कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, ज्यांच्याकडे कुणी कौतुकाने पाहत नाही, अशा झाडांविषयी. निवडुंग, शेर, कोरफड, घायपात, घोळ. "हा काय भाषणाचा विषय झाला?" असे कुणाच्या मनात आले असेल. हरकत नाही. थोडे ऐकून घ्या, मग ठरवा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारावर कोरफड टांगलेली असेल. मुळासकट उपटलेली, उलटी, सुतळीने बांधलेली. ती कशासाठी टांगतात ते तुम्हांला ठाऊक आहे. ते खरे की खोटे, हा आजचा विषय नाही. आम्ही एवढेच विचारतो, की ती जगते कशी? तिला माती नाही. पाणी नाही. वर ऊन, खाली वारा. तरी महिनोन्महिने ती हिरवी राहते. कधी कधी तर नवे पानही काढते. आता तिच्याच शेजारी मेथीची जुडी टांगून पाहा. दुपार कलायच्या आत ती माना टाकते. दोन्ही झाडेच. मग एक मरते आणि एक तरते, असे का?

हा प्रश्न आपल्या जालना जिल्ह्यात उगीचचा नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरीने साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. आणि सरासरी म्हणजे काय? एका वर्षी धो धो, एका वर्षी ठणठणाट, आणि दोन्हींची बेरीज करून भागाकार! झाडाला सरासरी पिता येत नाही.

२०१२ सालचा पावसाळा आठवा. तो नावालाच पडला. दिवाळीनंतर विहिरी तळाला गेल्या. २०१३ च्या उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागल्या. आपला जिल्हा मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीतल्या फळाची ओळख सरकारदरबारी नोंदली गेली. पण त्या उन्हाळ्यात बागाच्या बागा उभ्या जळाल्या. कुणी कर्ज काढून टँकर विकत घेतले आणि झाडांच्या बुडाशी पाणी ओतले. कुणाला तेही जमले नाही. त्यांनी लेकरासारखी वाढवलेली झाडे कुऱ्हाडीने तोडली आणि सरपण केले. ज्यांच्या घरात हे घडले, त्यांना आम्ही काय सांगावे?

आणि त्याच शिवारात, बांधावरचा निवडुंग उभा होता. अंगाने थोडा सुकलेला, पण हिरवा. त्याला टँकर नव्हता. १९७२ च्या दुष्काळातही तो असाच उभा होता. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हासुद्धा झाला नव्हता. तो १९८१ साली झाला. जुन्या माणसांना विचारा, ती सांगतील.

कोरड्या मुलखात झाड तीन तऱ्हांनी जगते. काही झाडे घाईने जगतात. पावसाबरोबर उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि पाणी संपायच्या आत मरून जायचे. आपले पुष्कळसे पावसाळी गवत आणि तण असे आहे. ते मरते, पण बी मातीत वाट पाहत राहते. काही झाडे खोल जातात. बाभूळ, बोर, कडुलिंब यांची मुळे फार खाली जाऊन ओल शोधतात. तिसरी तऱ्हा आमच्या निवडुंगाची. तो खोल जात नाही आणि घाईही करत नाही. तो पाणी अंगातच भरून ठेवतो आणि जपून खर्च करतो.

कोरफडीचे पान मोडून पाहा. आत पारदर्शक, बुळबुळीत गर दिसतो. तो गर म्हणजेच तिची पाण्याची टाकी. निवडुंगाची टाकी त्याच्या खोडात असते, पानफुटीची पानात. घोळीची भाजी तुम्ही निवडता, तेव्हा तिची पाने बोटाला कशी भरीव लागतात? तेही साठवलेले पाणीच. माळावर, खडकाच्या कपारीत माकडशिंग उगवते, त्याचे बोटाएवढे जाड दांडे आठवा. कुंपणावर चढणारी चौधारी कांडवेल आठवा. सगळे एकाच बिरादरीतले.

पण मंडळी, नुसती टाकी मोठी असून भागत नाही. टाकीला भोक असेल तर? टाकी केवढी यापेक्षा तोटी किती घट्ट बंद होते, हे जास्त महत्त्वाचे. निवडुंगाची खरी करामत तिथे आहे.

ती समजायला आधी पान काय करते ते पाहू. झाड मातीतून पाणी घेते, तसे हवेतून एक वायू घेते. त्याला कर्बवायू म्हणतात. आपण श्वास सोडतो तेव्हा तोच बाहेर पडतो. हा वायू आणि पाणी यांच्यापासून पान सूर्याच्या उजेडात साखर तयार करते. त्या साखरेतूनच पुढे दाणा, फळ, लाकूड, सगळे होते. पान म्हणजे झाडाचा स्वयंपाक करणारी चूलच म्हणा ना.

आता हा वायू आत यायचा कसा? त्यासाठी पानाला अगदी बारीक बारीक तोंडे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, भिंगाच्या यंत्रातून दिसतात. पुस्तकात त्यांना रंध्रे म्हणतात. तोंड उघडले की वायू आत येतो. पण त्याच वाटेने आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. दार उघडे ठेवले की पाहुणा आत येतो आणि घरातली कोंबडी बाहेर पळते, तसा प्रकार! बहुतेक झाडे ही तोंडे दिवसा उघडतात, कारण साखर दिवसाच्या उजेडातच होते. मोसंबी तेच करते. कापूस तेच करतो. गहू तेच करतो. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिसाच्या वर गेलेला असताना तोंड उघडायचे, म्हणजे किती पाणी जात असेल? मायबहिणींनो, दुपारी उन्हात टाकलेले लुगडे किती लवकर वाळते, आणि तेच रात्री अंगणात टाकले तर किती वेळ लागतो, हे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

निवडुंगाने हीच गोष्ट ओळखली आहे. तो दिवसा तोंडे मिटून बसतो. सूर्य मावळला, हवा गार झाली, की मग उघडतो.

"मग रात्री उजेड कुठला? साखर कशी करतो?" प्रश्न बरोबर आहे. तो रात्री साखर करतच नाही. रात्री तो फक्त वायू गोळा करतो आणि त्याचे आंबट रसात रूपांतर करून साठवून ठेवतो. सकाळ झाली की दारे बंद. मग दिवसभर तो त्या आंबट रसातून वायू परत मोकळा करतो आणि उन्हाच्या उजेडात साखर करतो. रात्री सरपण आणून ठेवायचे आणि दिवसा दार लावून आत स्वयंपाक करायचा, अशी ही रीत आहे. आंबट रस कसला म्हणाल, तर हरभऱ्याच्या पानावर जी आंब धरते, तिच्यात जी आंबटे असतात त्यांपैकीच हे एक.

ही गोष्ट उघडकीला आली तीही गमतीची आहे. बेंजामिन हाइन नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होता. त्याच्यासमोर पानफुटीचे झाड होते. तीच पानफुटी, जिचे पान मातीवर पडले की त्याच्या कडेला नवी रोपे फुटतात. हाइनने तिची पाने चावून पाहिली. सकाळी पान चांगले आंबट लागले. दुपारी त्याला चवच नव्हती. संध्याकाळी ते किंचित कडवट लागले. १८१३ सालच्या पत्रातून त्याने हे विलायतेत कळवले. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही; नुसती जीभ आणि चौकस बुद्धी. त्या आंबटपणामागचे पूर्ण कोडे उलगडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

तुम्हांलाही हे करून पाहता येईल, पण पानफुटीवर नको. तिच्यात हृदयाला बाधणारे द्रव्य असते. परदेशांत तिच्या जातीची झाडे खाऊन गुरे मेल्याची उदाहरणे आहेत. घोळीवर करा. ती आपली खाण्याचीच भाजी. शेतात पाणी तोडून काही दिवस झाले असतील, घोळ तहानलेली असेल, तेव्हा पहाटे एक पान खुडून चावा. मग त्याच झाडाचे दुसरे पान संध्याकाळी दिवे लागायच्या आधी चावा. पहाटेचे जास्त आंबट लागेल. (ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र घोळ बेतानेच खावी.)

घोळीची आणखी एक गंमत. पाणी भरपूर असते तेव्हा ती ज्वारी-मक्याच्या रीतीने दिवसा काम करते आणि झपाट्याने वाढते. पाणी तुटले की निवडुंगाची रीतही वापरायला लागते. एकाच झाडात दोन रिती! अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवले, की या दोन्ही रिती तिच्या पानातल्या त्याच त्या पेशींमध्ये एकत्र चालतात. आपल्या खुरपणाऱ्या बायांना यातले शास्त्र ठाऊक नसेल, पण घोळीचा चिवटपणा पुरता ठाऊक आहे. खुरपून बांधावर फेकलेली घोळ आठ दिवसांनी बघावी, तर पाऊस पडताच तिथेच मूळ धरून बसलेली! म्हणून जाणत्या बाया ती मातीवर टाकत नाहीत, टोपल्यात भरून बाहेर नेतात. किंवा सरळ भाजी करतात.

आता थोडा हिशेब करू. हवेतला एक किलो कर्बवायू आत घेताना गव्हासारख्या पिकाच्या पानांतून चारशे ते पाचशे लिटर पाणी वाफ होऊन जाते. ज्वारी, मका यांची रीत जरा काटकसरीची. त्यांना अडीचशे लिटरच्या आसपास लागते. आणि निवडुंगाच्या जातीला? पन्नास ते शंभर लिटर. पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्याने मोजले, तर गव्हाचे तीसेक डबे, आणि निवडुंगाचे साडेतीन ते सात. काम तेवढेच.

एवढ्यावरही तो थांबत नाही. त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो. हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. त्या थरातून पाणी झिरपत नाही. पाने तर तो ठेवतच नाही म्हणा. आपल्याकडच्या चिकाच्या निवडुंगाला पावसाळ्यात शेंड्याकडे पाने फुटतात, आणि कोरड पडली की तो ती गाळून टाकतो. मग साखर करण्याचे काम हिरवे खोडच करते. फड्या निवडुंगाचे तर चपटे फडेसुद्धा पाने नव्हेत, खोडच ते. त्याची खरी पाने म्हणजे ते काटे! काट्यांतून वाफ जात नाही, अंगावर थोडी सावली पडते आणि शेळी तोंड घालत नाही. शेळीला दूर ठेवणे आपल्या भागात किती अवघड आहे, ते सांगायला नको.

खोडाच्या धारा पाहिल्यात? त्रिधारी, पंचधारी असे आपण म्हणतो. त्या धारा शोभेसाठी नाहीत. पेटीचा भाता जसा फुगतो आणि मिटतो, तसे ते खोड पाणी मिळाले की फुगते आणि पाणी संपत आले की मिटते. साधे गोल खोड असते तर एवढे पाणी भरताच तडकले असते. मूळही त्याने तसेच ठेवले आहे. खोल नाही, पण आडवे दूरवर पसरलेले, मातीच्या अगदी वरच्या थरात. वळवाची एक सर येते, वीतभरच माती भिजते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सुकूनही जाते. खोल मुळाच्या झाडाला ती सर पोचतच नाही. निवडुंग मात्र तेवढ्या वेळात आपला वाटा उचलतो. कोरड्या दिवसांत त्याची बारीक मुळे वाळून जातात आणि ओल लागताच थोड्याच वेळात नवी फुटतात.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, "मग सगळ्या पिकांनी असंच का करू नये?" याचे उत्तर आम्हांला फार महत्त्वाचे वाटते, कारण इथेच माणसे फसतात. काटकसरीला किंमत पडते. रात्री साठवलेला आंबट रस संपला की दिवसाचे काम थांबते. रसाची कोठी लहान, म्हणून साखर थोडी, म्हणून वाढ बहुतेक हळू. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात आणि मेक्सिको देशात सागुआरो नावाचा निवडुंग होतो. तो चाळीस फूट उंच होतो आणि दीडशे वर्षे जगतो. पण पहिल्या आठ-दहा वर्षांत तो वीतभरही वाढत नाही, आणि त्याला पहिली फांदी फुटायला पन्नास ते पाऊणशे वर्षे लागतात. ज्वारी चार महिन्यांत कणगी भरते. पोट भरायचे तर ज्वारीच हवी. म्हणून "सगळे काढा आणि निवडुंग लावा" असे आम्ही सांगत नाही, आणि कुणी सांगितले तर ऐकू नका.

आता कामाची गोष्ट सांगतो. ती नीट लक्षात ठेवा, कारण तिच्यावर जनावराचा जीव आणि माणसाचे डोळे अवलंबून आहेत.

आपण ज्यांना निवडुंग म्हणतो, ती दोन वेगळ्या घराण्यांतली झाडे आहेत. एक घराणे चिकाचे. त्रिधारी, पंचधारी निवडुंग आणि शेर हे त्यातले. मोडले की पांढरा दुधासारखा चीक गळतो. दुसरे घराणे बिनचिकाचे. फड्या निवडुंग त्यातला. मोडला तर बुळबुळीत पाणी निघते, दूध नाही. या घराण्याला कॅक्टस म्हणतात आणि त्याचे मूळ घर अमेरिका खंड. युरोपातल्या लोकांनी तो जहाजांतून आपल्याकडे आणला. दोन्ही दिसायला भाऊभाऊ, पण नाते काही नाही. दुष्काळाने दोघांनाही एकाच साच्यात घातले, एवढेच.

चिकाचा निवडुंग किंवा शेर जनावराला कधीही घालू नका. चीक विषारी असतो. तोंड, आतडी भाजून निघतात. आणि कुंपण तोडताना डोळे सांभाळा. शेराची फांदी तोडताना चीक उडतो. डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते, डोळा लाल होतो, काही दिवस दिसेनासेही होते. अशा वेळी आईचे दूध, तूप, मध असले काही घालत बसू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा सारखा धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. वेळ घालवला तर दृष्टीला कायमचा धोका होऊ शकतो. कुंपण तोडायचे काम लहान पोरांना सांगू नका. हात न धुता डोळे चोळू नका.

फड्या निवडुंगाची गोष्ट निराळी. दुष्काळात त्याचे फडे जनावरांना घालतात. आधी ते जाळावर धरून काटे जाळावे लागतात. मोठे काटे दिसतात, पण कुसळासारखे बारीक काटेही असतात, तेच जिभेत रुततात. मग तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत मिसळायचे. या फड्यात बहुतेक पाणीच असते. शंभर भागांत पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणी. म्हणून दुष्काळात तो चाराही होतो आणि जनावराची तहानही थोडी भागवतो. पण नुसता तोच घातला तर जनावराला हगवण लागते, आणि अंग धरायला जे सत्त्व लागते ते त्यात थोडे. तेव्हा कुट्टी हवीच, थोडी पेंड मिळाली तर उत्तम. सवयही हळूहळू लावायची. पशुवैद्य जवळ असेल तर त्यांना विचारून करा.

"पण आमच्या गावात फड्या निवडुंग आता कुठं दिसतो?" असे तुम्ही म्हणाल. पुष्कळ ठिकाणी तो खरोखरच कमी झाला, आणि त्यालाही इतिहास आहे. एक किडा या निवडुंगावर जगतो. पांढऱ्या कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. चिरडला की बोटाला लाल रंग लागतो. या रंगाला एके काळी सोन्यासारखा भाव होता. म्हणून कंपनी सरकारने १७९५ साली ब्राझीलहून असा किडा हिंदुस्थानात आणवला. आला तो मात्र हलक्या जातीचा. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण किड्याने निवडुंगाची एक अख्खी जात फस्त केली! पुढे दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग दक्षिणेत इतका माजला, की शेते आणि रस्ते त्याखाली गेले. तेव्हा १९२६ च्या सुमारास सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आणखी एका जातीचा किडा मुद्दाम आणून सोडला. थोड्याच वर्षांत हजारो एकर जमीन मोकळी झाली. शेतकऱ्याला ते बरेच झाले. पण दुष्काळातला हाताशी असलेला चाराही त्याबरोबर गेला, ही दुसरी बाजू.

हे सांगतो याला कारण आहे. आता पुन्हा बिनकाट्याचा फड्या निवडुंग चाऱ्यासाठी लावावा, असा विचार आपल्या देशात सुरू आहे. राजस्थान, गुजरात या कोरड्या भागांत त्याची लागवड करून पाहत आहेत. ब्राझीलच्या ईशान्येकडचा भाग आपल्यासारखाच अवर्षणाचा. तिथे लाखो एकरांवर तो चाऱ्यासाठी लावतात. पण तिथेही तोच पांढरा किडा शिरला आणि शेतेच्या शेते बसली. मग किड्याला दाद न देणाऱ्या जाती शोधून लावाव्या लागल्या. तेव्हा कुणी बिनकाट्याच्या निवडुंगाची रोपे घेऊन आला तर दोन प्रश्न विचारा. जात कोणती? आणि किडा पडला तर काय?

घायपाताचे थोडक्यात सांगतो. काही जण त्याला केकताड म्हणतात. तोही बाहेरून, अमेरिकेकडून आलेला, रात्री तोंड उघडणारा. त्याच्या पानांच्या वाखाचे दोर वळतात. आता नायलॉनच्या दोऱ्या आल्या आणि ते काम मागे पडले. पण उताराच्या मुरमाड बांधावर माती धरून ठेवायला घायपाताची ओळ अजूनही चांगली.

आणि ड्रॅगन फ्रूट? हो, तोही निवडुंगच. वेलीसारखा वाढतो, म्हणून सिमेंटच्या खांबावर चढवतात. मराठवाड्यातही काही शेतकऱ्यांनी तो लावला आहे. पाणी मोसंबीपेक्षा खूप कमी लागते, हे खरे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. आपल्या भारी काळ्या मातीत पाणी साचले की त्याचे मूळ कुजते. कोरफडीचेही तसेच. म्हणून उंच गादीवाफा करावा लागतो, नाहीतर मुरमाड, निचऱ्याची जमीन निवडावी. दुसरे असे, की निवडुंग असला तरी तो झाडांच्या सावलीत चढणाऱ्या जातीचा आहे. मे महिन्याच्या कडक उन्हात त्याचे अंग पिवळे पडते, करपते. वर सावली करावी लागते. खांब, रोपे, सावली, ठिबक, सगळे धरून सुरुवातीचा खर्च मोठा आहे. फळ कुठे विकणार, हे आधी पक्के करा. कोरफडीच्या शेतीबाबत तर हे दुप्पट खरे. रोपे विकणारे पुष्कळ भेटतात. पाने विकत घेणारा कोण, किती घेणार, कोणत्या भावाने, हे कागदावर लिहून मागा. आता तुम्हांला वाचता येते. कागद वाचून मगच सही करा.

शेवटी कुंपणाविषयी, कारण बऱ्याच जणांनी ते विचारले आहे. निवडुंगाची फांदी तोडली की ती लगेच मातीत खोचू नका. ओली जखम मातीत गेली की कुजते. सावलीत आठ-दहा दिवस पडू द्या. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरते. मग मुरमाड जागी वीतभर खोल लावा. पाणी घालू नका. तशीच राहू द्या. मृगाच्या आधी पंधरा दिवस लावली, तर पहिल्या पावसाला तिला मुळे फुटतात.